तीन आठवडे, एकच लाल सैतान: हरूनही कंट्रोलर का सुटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय पस्तिशीच्या पुढे. गेले तीन आठवडे रोज रात्री ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ची आर्केड (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरची) आवृत्ती एम्युलेटरवर, म्हणजे जुनी गेम-यंत्रं आजच्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालू आहे, आणि गाडी अजून पहिल्याच टप्प्यातल्या पंखवाल्या लाल सैतानापाशी अडलेली. नवे गेम सहज पूर्ण होतात, हाच होत नाही. मग गेम वाईट बनवलाय की आपले हात बोथट झालेत? चिडून कंट्रोलर खाली ठेवला तरी पाच मिनिटांत परत का उचलला जातो? सेव्ह स्टेट (हव्या त्या क्षणी डाव जतन करून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची सोय) वापरली तर ती लबाडी ठरेल का? आणि आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून बघते, तिला हा गेम खेळू द्यावा का?

मी वीसेक वर्षं जुने आर्केड प्लॅटफॉर्म गेम (उड्या मारत पुढे जायचे गेम) खेळतोय, आणि त्यातली बरीच वर्षं छोट्या गेमसाठी टप्पे आखण्याचं काम केलंय. हा गेम मी दोन्ही फेऱ्यांसकट (तो शेवटपर्यंत दोनदा खेळावा लागतो) पूर्ण केला आहे. त्याला किती महिने लागले ते सांगत नाही, कारण तुमच्या आणि माझ्या वेळेची तुलना करून काही हाती लागणार नाही. तुम्ही विचारलेल्या चार प्रश्नांमागे मला एकच प्रश्न दिसतो: मी काही शिकतोय, की रोज त्याच भिंतीवर डोकं आपटतोय? याचं उत्तर मिळालं की बाकीची आपोआप सुटतात.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्ही नक्की काय आणि कशावर खेळताय, याने फार फरक पडतो. कॅपकॉमचा मूळ गेम १९८५चा. जपानमध्ये त्याचं नाव ‘मकाईमुरा’, म्हणजे सैतानी दुनियेतलं गाव. पुढच्या वर्षी तो फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेम-यंत्रावर आला, पण त्या आवृत्तीत हालचाल अडखळते आणि कठीण गेम विनाकारण आणखी कठीण होतो. तुम्ही आर्केड आवृत्ती घेतलीत हे बरं झालं. दुसरी गोष्ट म्हणजे टीव्ही. जुन्या काचेच्या पडद्यावर बटण दाबलं की उडी जवळजवळ त्याच क्षणी दिसायची. आजचे टीव्ही चित्र देखणं करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि तेवढा उशीर करतात. गेम मोड (ही प्रक्रिया कमी करणारी टीव्हीची सेटिंग) बंद असेल तर काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. सेकंदाला सुमारे ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये याचा अर्थ तुम्ही सहा चित्रं जुनं जग बघून निर्णय घेताय. वायरलेस कंट्रोलर त्यात आपली भर घालतो. तेव्हा आज रात्री सगळ्यात आधी गेम मोड चालू करा, कंट्रोलर वायरने जोडा, आणि एम्युलेटरमध्ये रन-अहेडची (बटणाचा उशीर कमी करणारी) सोय असेल तर तीही बघा. एवढ्यानेच सैतान मेला तर माझं पुढचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल. पण बहुधा तो मरणार नाही.

कारण खरी मेख उडीत आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

आपण खेळवतो तो भाला फेकणारा चिलखतधारी वीर म्हणजे आर्थर; त्याचे पाय जमिनीवरून सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. जागच्या जागी उडी मारलीत तर तो सरळ वर जाऊन सरळ खाली येतो. चालताना मारलीत तर ठरलेल्या कमानीत ठरलेल्या जागी उतरतो. मधे मन बदललं, खालून प्रेत उगवलं, समोरून काही उडत आलं, तरी कमान तीच. आता त्याच १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठवा. तिथे बटण दाबून धरलं की उडी उंच होते, लवकर सोडलं की आखूड होते, आणि हवेतही बऱ्यापैकी वळता येतं. उडी मारल्यावर दुरुस्ती करायची मुभा आहे. नंतर आलेले बहुतेक प्लॅटफॉर्म गेम मारिओच्या घराण्यातले आहेत, आणि तुमचे हात त्याच घराण्यात तयार झाले आहेत. ते बोथट झालेले नाहीत. त्यांना ‘आधी उडी, मग विचार’ अशी सवय लागली आहे, आणि हा गेम नेमकी हीच सवय पकडतो.

मला हे कळलं ते एका वहीमुळे. पहिल्या टप्प्यात सतत मरत होतो तेव्हा मी ठरवलं की प्रत्येक मरणानंतर एक ओळ लिहायची: कशाने मेलो. सुरुवातीला लिहिलं, ‘सैतानाने मारलं’, ‘प्रेताने मारलं’, ‘पुन्हा सैतान’. चार-पाच दिवसांनी या ओळी वाचल्या तेव्हा त्या निरुपयोगी आहेत हे लक्षात आलं. मग नियम बदलला: मारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, मरण्याच्या आधीचं शेवटचं बटण लिहायचं. त्या रात्री बारा वेळा मेलो, आणि त्यातल्या नऊ ओळी सारख्याच होत्या: ‘उडी, गरज नसताना’. प्रेत जवळ आलं की उडी. सैतान वर गेला की उडी. माझा अंगठा घाबरला की उडी मारत होता, आणि उडी मारली की पुढचा जवळजवळ एक सेकंद मी काहीच करू शकत नव्हतो. शत्रूने तोच सेकंद घेतला.

तुम्हीही हे करून बघा, कारण हाती कंट्रोलर परत का येतो याचंही उत्तर त्याच वहीत आहे. या गेममध्ये मरण येतं ते बहुतेक वेळा वाचता येतं. उडी ठरलेली, भाल्याचा वेग ठरलेला, चालण्याचा वेग ठरलेला. म्हणून मेल्यावर डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतं की पाऊलभर आधी थांबायला हवं होतं. ही चूक सुधारायची संधीही काही सेकंदांत मिळते. लांबलचक दृश्य नाही, संवाद नाही, नकाशा, आर्थर आणि चला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच खाणाराही आपण आणि शहाणा होणाराही आपणच, आणि मधे श्वास घेण्याइतकंच अंतर. मेंदूला ही अपुरी गोष्ट सोडवत नाही. चिडणं आणि परत उचलणं मला तरी एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. ‘मला हे जमायला हवं होतं’ असं वाटतं म्हणून माणूस चिडतो, आणि त्याच कारणाने परत बसतो. जमणारच नाही असं खरोखर वाटलं असतं तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात शांतपणे गेम काढून टाकला असता.

यात धोका आहे हे मी नाकारत नाही. थोडक्यात हुकलेला डाव माणसाला जिंकल्यासारखाच पुढे ओढतो, आणि जुगाराची यंत्रं यावरच चालतात. आर्केडची यंत्रंही नाण्यांवर चालायची. डाव लवकर संपावा आणि पुढचं नाणं पडावं हा हिशेब त्यांच्या रचनेत होताच. आयुष्यं किती द्यायची आणि काठिण्य किती ठेवायचं हे यंत्र ठेवणाऱ्याला सर्किट बोर्डवरच्या बारक्या स्विचने ठरवता यायचं. (तुमच्या एम्युलेटरमध्येही ते स्विच सापडतील. काठिण्य कमी करून, आयुष्यं वाढवून सराव करण्यात मला गैर वाटत नाही, ती सोय मूळ यंत्रातच होती.) जुगाराच्या यंत्रापुढे बसून हात सुधारत नाही, इथे सुधारतो, हा मोठा फरक आहे. पण तो सुधारतोय का हे तपासत राहावं लागतं. माझी कसोटी साधी आहे. मेल्यावर एका वाक्यात कारण सांगता आलं तर आणखी एक डाव. सलग तीन मरणांचं कारण सांगता आलं नाही तर उठायचं. नुसता राग उरला की अंगठा शिकत नाही, चुकीची सवय घोटत राहतो.

आता लाल सैतान. त्याचं नाव रेड अरीमर, आणि आर्केडच्या त्या काळातला तो सर्वात हुशार शत्रू आहे असं माझं मत आहे. कॅपकॉमला स्वतःलाही तो आवडला असावा, कारण १९९०मध्ये गेम बॉयवर ‘गार्गॉयल्स क्वेस्ट’ निघाला त्यात नायक याच जातीचा सैतान आहे. बाकीचे शत्रू आपापल्या वाटेने येतात. हा तुमच्याकडे बघून वागतो. तो आधी जमिनीवर बसलेला दिसतो, तुम्ही जवळ गेलात किंवा भाला टाकलात की उठतो. हवेत घिरट्या घालताना तुम्ही फेकलेला भाला तो चुकवतो आणि मग अचानक खाली झेपावतो. नवखा माणूस काय करतो? तो वर असताना उड्या मारून भाले फेकतो. म्हणजे नेम चुकणार हे नक्की, आणि उतरण्याची जागा आधीच ठरलेली, त्यामुळे सैतानालाही ती मिळते.

मी शिकलो ते असं. तो वर असताना अंगठा बटणावरून उचलायचा, अक्षरशः उचलायचा. त्याच्याकडे तोंड करून दोन-तीन पावलं मागे-पुढे व्हायला जागा ठेवायची. तो झेपावायला लागला की मागे पळायचा मोह होतो. तसं न करता त्याच्या खालून पलीकडे धावायचं, लगेच वळायचं, आणि तो खालच्या पातळीत असतानाच भाला टाकायचा. ती वेळ अगदी थोडी असते आणि पहिल्या दहा-वीस खेपांना हुकणारच. पण एकदा खालून निसटलात की समजेल: तो तुमच्या घाबरण्याच्या दिशेने येतो, आणि तुम्ही त्याच्या दिशेने गेलात की त्याचा अंदाज चुकतो. त्याला टाळून पळत जाणंही शक्य आहे, पण तो पाठ सोडत नाही आणि पुढच्या शत्रूंच्या घोळक्यात तुम्हाला गाठतो. पहिल्या टप्प्यात त्याला मारूनच पुढे जा, कारण त्याचे भाऊबंद पुढेही भेटतात आणि तेव्हा हा धडा हाताशी लागेल.

त्याच्यापर्यंत चिलखतासह पोहोचणं हा अर्धा लढा आहे. पहिला फटका बसला की चिलखत उडतं आणि आर्थर चड्डीवर उभा राहतो, दुसऱ्याला हाडं होतात. आता एक गंमत लक्षात घ्या: चिलखत गेल्यावर आर्थरचं काहीच कमी होत नाही. तेवढाच वेग, तीच उडी, तोच भाला. तरीही जवळजवळ प्रत्येक खेळाडू त्या क्षणापासून वाईट खेळतो. मी रेकॉर्ड करून बघितलं तेव्हा दिसलं की चिलखत उडाल्यावर पुढच्या काही सेकंदांतच मी मरत होतो, आणि तेही एरवी झोपेत चुकवेन अशा प्रेतांमुळे. म्हणून माझा एक सराव होता: सुरुवातीलाच मुद्दाम चिलखत घालवायचं आणि पहिल्या टप्प्यातलं कबरस्तान चड्डीवरच पार करायचं. आठवडाभर हे केल्यावर चिलखत जाण्याची भीती गेली. मला वाटतं, मी केलेल्या सगळ्या सरावात हाच सर्वात कामाचा ठरला.

कबरस्तानाबद्दल एवढंच की तिथे पाठांतर पुरत नाही. जमिनीचा आकार, शिडी, कबरी ठरलेल्या आहेत, पण प्रेतं तुमच्या आसपास उगवतात आणि दर खेपेला त्याच जागी उगवतील असं नाही. त्यामुळे वाट पाठ करायची आणि चाल मात्र बघून ठरवायची. शिडीवर असताना भाला फेकता येत नाही, म्हणून चढण्याआधी वरची आणि खालची जागा मोकळी करून घ्या. आणि हत्यारं. काही शत्रू मडकं घेऊन येतात, त्यातून हत्यार पडतं आणि त्याला स्पर्श झाला की ते आपोआप हातात येतं. नको म्हणायची सोय नाही. सुरी मिळाली तर जरूर घ्या, ती वेगवान आहे. मशाल पडली तर तिच्यावरून उडी मारून जा, ती कमानीत पडते आणि खाली जळत राहते, आणि लाल सैतानापुढे तिचा काही उपयोग नाही. ही एक उडी मात्र गरजेची.

गेम वाईट आहे का, याचं उत्तर मी दोन भागांत देईन. ठरलेली उडी, दोन फटके, लाल सैतान, हे सगळं कठोर आहे पण चोख आहे. त्याचे कर्ते तोकुरो फुजिवारा यांना आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं. १९८८च्या ‘घूल्स एन घोस्ट्स’मध्ये वर-खाली हत्यार फेकता येऊ लागलं, १९९१च्या ‘सुपर’ आवृत्तीत हवेत दुसरी उडी आली, तरी एकदा घेतलेला निर्णय निभावायचा हा गाभा सुटला नाही. २०२१मध्ये हेच फुजिवारा ‘रेझरेक्शन’ घेऊन परत आले तेव्हाही आर्थर हवेत वळत नव्हता. पण काही गोष्टी मला तेव्हाही अन्यायाच्या वाटल्या आणि आजही वाटतात. शेवटच्या लढाईसाठी एक ठरावीक हत्यार लागतं, आणि ते हाती नसेल तर गेम तुम्हाला मागे पाठवतो. सगळं संपवलंत की कळतं, हा भास होता, सैतानाने रचलेला सापळा होता, आता पहिल्यापासून पुन्हा, आणि या वेळी जास्त कठीण. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. दुसरी फेरी मी पूर्ण केली ती हट्टाने, तिच्यात पहिलीइतकं शिकायला नव्हतं. तुम्ही पहिल्या फेरीनंतर थांबलात तर माझ्या लेखी गेम पूर्ण झाला.

सेव्ह स्टेटबद्दल. कशासाठी वापरताय त्यावर सगळं आहे. सैतानाच्या अलीकडे एक सेव्ह करून तीच झेप तीसदा अनुभवणं हा उत्तम सराव आहे, वादक अवघड जागा पुन्हा पुन्हा वाजवतो तसाच. पण झेप चुकली की मागे, जमली की सेव्ह, पुन्हा चुकली की मागे, असं इंचाइंचाने पुढे सरकलात तर टप्पा पार होईल आणि हात तिथेच राहतील. मग दुसऱ्या टप्प्यात तुम्ही पहिल्या दिवसासारखेच नवखे असाल. माझी पद्धत अशी होती: पंधरा मिनिटं सेव्ह लावून एकाच जागेचा सराव, मग सेव्ह बंद करून सुरुवातीपासून तीन डाव, मग झोप. हातांनी शिकलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे रात्री न जमलेली गोष्ट सकाळी जमली तर आश्चर्य मानू नका. तुम्ही रात्री किती वाजेपर्यंत खेळता ते लिहिलं नाहीत. तीन आठवड्यांतले बरेचसे डाव मध्यरात्रीनंतरचे असतील तर तेवढा भाग बदलून बघा.

म्हणजे आज रात्रीपुरतं: गेम मोड, वायर, वही, आणि सैतान वर असताना अंगठा बटणावरून वर.

राहिला मुलीचा प्रश्न. सांगाडे, प्रेतं, सैतान आहेत, पण सगळी चित्रासारखी आणि बारकी. ती आधीच शेजारी बसून बघते आहे, म्हणजे त्या भीतीची तिला सवय झाली असावी, तरी तिला विचारून घ्या. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ती सध्या गेमपेक्षा तुमचं चिडणं जास्त बघते आहे. तुम्ही वही लिहायला लागलात की ते काम तिला द्या: बाबा मेले की शेवटचं बटण कोणतं होतं ते तिने सांगायचं. तिचे डोळे पडद्यावर असतात आणि अंगठा रिकामा असतो, त्यामुळे तिला तुमच्यापेक्षा स्पष्ट दिसेल. आणि तिला खेळायचं असेल तर गेममध्ये दोघांची सोय आहेच. एकाचं आयुष्य गेलं की दुसऱ्याची पाळी येते. तुमच्या पाळीत सैतानाने हाडं केली की कंट्रोलर तिच्या हातात द्यायचा आणि तिच्या पाळीत शेवटचं बटण तुम्ही बघायचं.